क्षमता आधीच असते की घडते? बर्फावरचं एक उदाहरण

मागच्या व्याख्यानात आपण सत्कार्यवाद पाहिला. सांख्य म्हणतात, कार्य हे कारणात आधीपासूनच असतं. तिळात तेल आहे म्हणून ते निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, घट ही नवीनच वस्तू आहे. मातीत तो आधीच असता तर मातीच्या गोळ्यानंच पाणी भरलं असतं की! आता हा वाद कुठं लागू पडतो, ते आज आपण एका लांबच्या खेळात पाहू या. खेळ आहे आइस हॉकी.

बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड. या तिघांच्या जोडणीला ‘लाइन’ म्हणतात. उत्तर अमेरिकेतली एनएचएल ही लीग दरवर्षी ‘ड्राफ्ट’ भरवते. त्यात क्लब प्रामुख्यानं अठरा वर्षांची मुलं पाळीपाळीनं निवडतात. म्हणजे निवड होते आजच्या मुलाची, पण पैज असते पाच वर्षांनंतरच्या खेळाडूवर.

युराय स्लाफकोव्स्की हा स्लोवाकियातल्या कोशित्से गावचा, जन्म 2004 चा. किशोरवयातच तो फिनलंडला खेळायला गेला. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यानं सात सामन्यांत सात गोल केले. स्लोवाकियाला कांस्यपदक मिळालं आणि हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी मॉन्ट्रियल कनेडियन्सनं त्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं.

पण पहिल्या हंगामात काय झालं? 39 सामने, चार गोल, आणि मग दुखापतीमुळे हंगामच संपला. निवड चुकली, याला खालच्या लीगमध्ये पाठवा, असं लोक उघड बोलू लागले. क्लबनं त्याला वरच ठेवलं. दुसऱ्या हंगामाची सुरुवातही संथच होती. पुढं त्याला निक सुझुकी आणि कोल कॉफील्ड यांच्याबरोबर पहिल्या लाइनमध्ये खेळवलं गेलं. हंगामाअखेर आकडा होता 82 सामने, 20 गोल, 30 असिस्ट. 2024 च्या जुलैमध्ये क्लबनं त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला.

आता सांगा, हे वीस गोल त्या मुलात आधी होते का?

सांख्य म्हणतील, होतेच. अडथळा दूर झाला आणि ते व्यक्त झाले. नैयायिक म्हणतील, मुलगा हे उपादान, प्रशिक्षक हे निमित्त, आणि सोबतचे दोघे, बर्फावर मिळालेला वेळ, ही सहकारी कारणं. ही सगळी सामग्री जुळली तेव्हा एक नवा खेळाडू उत्पन्न झाला. बघा, हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पहिलं उत्तर धरलं, तर अपयश दिसताच ‘मुळातच काही नव्हतं’ असा शिक्का मारायला आपण मोकळे होतो. दुसरं धरलं, तर आधी विचारावं लागतं, सामग्रीत काय कमी पडलं? अर्थात नैयायिकसुद्धा तंतूंपासून घट होतो असं म्हणत नाहीत. उपादान लागतंच.

यात एक गंमत आहे. त्याचे प्रशिक्षक मार्टिन सेंट लुई स्वतः खेळाडू होते, पण ठेंगणे. ड्राफ्टमध्ये त्यांना कुणीच निवडलं नाही. तेच 2004 मध्ये लीगचे सर्वात मोलाचे खेळाडू ठरले. त्यांच्यातलं ‘तेल’ पारख्यांना दिसलं नव्हतं.

मुद्दा असा की, शक्ती प्रत्यक्ष दिसत नाही. कार्यावरून तिचं अनुमान करावं लागतं, हे सांख्यांनाही मान्य आहे. मग सात सामन्यांवरून ‘हा महान’ आणि 39 सामन्यांवरून ‘हा वाया गेला’, ही दोन्ही अनुमानं कच्चीच. दुसऱ्या अनुमानाची किंमत मात्र एक मुलगा भरतो. म्हणून अठरा वर्षांच्या कुणाबद्दलही निकाल देण्याआधी, सामग्री पूर्ण होती का, एवढं तरी आपण विचारावं.

पुढच्या वेळी बौद्धांकडे वळू. ते तर विचारतील, सतराव्या वर्षीचा मुलगा आणि विसाव्या वर्षीचा खेळाडू एकच कशावरून? इथं थांबू या.