हरवलेल्या निरोपाचा हिशेब

संपादकांना युरोपवर लेख हवा होता. युरोच्या नोटा आणि नाणी २००२ च्या १ जानेवारीला लोकांच्या हातात आली. मग पगार, घरभाडं, विजेचं बिल असे साधे व्यवहार त्या सगळ्या देशांत एका पद्धतीने व्हायला २०१४ साल का उजाडलं, असा त्यांचा प्रश्न होता. ब्रसेल्सला पाठवण्याइतके पैसे मासिकाकडे नाहीत, हेही त्यांनी त्याच फोनवर सांगून टाकलं. मी हैदराबादच्या नारायणगुड्यात राहतो. याच प्रश्नाचं भारतीय उत्तर आमच्या घरापासून चार-पाच मैलांवर, मासाब टँकच्या कॅसल हिल्सवर तयार झालं. तेव्हा ब्रसेल्स राहू द्या, म्हटलं.

नारायणगुड्यातल्या जुन्या मराठी माणसांपुढे चलनाचा विषय काढला, की ती युरोवर येत नाहीत, हालीवर येतात. इथली पुष्कळ मराठी घरं नांदेड, परभणी, बीडकडून आलेली. इथल्या केशव मेमोरियल शाळेला ज्यांचं नाव आहे, ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकरही परभणीकडचेच. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि हद्द ओलांडली की इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार असा दर ठरलेला होता. म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै मोजायचे. औरंगाबादेहून नगरला लेकीकडे निघालेल्या माणसालाही हा गुणाकार चुकत नसे. निजामाच्या नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम छापलेली असायची. या चलनाची व्यवस्था १९४२ पासून हैदराबाद स्टेट बँकेकडे होती आणि बँकेचं मुख्यालय नारायणगुड्याजवळच, गनफाउंड्रीला. १९५० मध्ये भारतीय रुपया आला, पण हाली कायमचा बाद व्हायला १९५९ उजाडलं. तोवर दोन्ही रुपये एकाच बाजारात फिरत होते.

रुपया एक झाला म्हणून देवाणघेवाण एक झाली नाही. देशातलं पहिलं एटीएम मुंबईत १९८७ साली हाँगकाँग बँकेने बसवलं. त्यानंतर बरीच वर्षं ज्या बँकेचं कार्ड त्याच बँकेचं यंत्र, असाच कारभार होता. मुंबईत इंडियन बँक्स असोसिएशनने १९९७ मध्ये ‘स्वधन’ नावाचं सामाईक जाळं उभारलं. ते २००३ च्या अखेरीस बंद पडलं. काही बँकांनी आपापले गट केले. एका गटाचं कार्ड दुसऱ्या गटात चालत नसे. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादला बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था काढली होती, आयडीआरबीटी; कॅसल हिल्सवरची ती हीच. तिने १९९९ मध्ये बँकांसाठी इन्फिनेट हे वेगळं जाळं सुरू केलं आणि २००१ मध्ये बँकांनी एकमेकांना निरोप कोणत्या साच्यात पाठवायचे ते ठरवून दिलं. २७ ऑगस्ट २००४ रोजी तिथेच नॅशनल फायनान्शियल स्विच चालू झाला. पहिल्या दिवशी तीन बँका होत्या: कॉर्पोरेशन बँक, बँक ऑफ बडोदा आणि आयसीआयसीआय. १४ डिसेंबर २००९ ला हा स्विच मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे सोपवला तेव्हा त्यावर ३७ बँका आणि सुमारे ५०,००० एटीएम होती. अधिकृत इतिहास एवढा पुरे. माहितीपत्रकात तो याहून छान, रंगीत छापलेला असतो.

मला गुंतवलं ते शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी. निवृत्त बँक अधिकारी, माहेर नांदेडचं; मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांची बरीच नोकरी एका बँकेच्या रिकन्सिलिएशन विभागात गेली. बँकेतले लोक त्याला नुसतं ‘रेको’ म्हणतात. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, अशा प्रकरणांचं पुढे काय होतं, हे त्यांना विचारावं.

त्यांनी मला व्यवहाराचा प्रवास वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवला. तुम्ही एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात घातलंत. यंत्र आपल्या बँकेला सांगतं, ती बँक स्विचला सांगते. स्विच कार्डाचे पहिले आकडे पाहून तुमची बँक ओळखतो आणि मागणी तिच्याकडे धाडतो. या मागणीला आंतरराष्ट्रीय साच्यात ०२०० असा क्रमांक आहे. तुमची बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, खात्यातून रक्कम कमी करते आणि ०२१० हे उत्तर त्याच वाटेने परत पाठवते. मग नोटा मोजल्याचा आवाज येतो. सारं काही काही सेकंदांत.

खोच आहे ती ‘रक्कम कमी करते’ आणि ‘नोटा मोजते’ यांच्या मधल्या वाटेवर. उत्तर निघालं, पण वाटेत अडकलं, तर यंत्र ठरावीक वेळ थांबतं आणि हात वर करतं. तुमच्या बँकेच्या हिशेबी पैसे दिलेले असतात, यंत्राच्या हिशेबी दिलेले नसतात. म्हणून यंत्राची बँक ०४२० नावाचा उलटा निरोप पाठवते: मघाचं रद्द समजा. आता हाही निरोप पोचला नाही तर? पोचला, पण त्याची पोच परत आली नाही तर? पोचेसाठी आणखी एक पोच मागितली, तर तीही हरवू शकते. तुटक्या तारेच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांची पूर्ण खात्री कितीही निरोप धाडून होत नाही, हे संगणकशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. मावशींना ते सिद्धान्त म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर ते रोज सकाळी गठ्ठ्याने येत असे.

गठ्ठा तीन कागदांचा असे. पहिला खातेदाराच्या बँकेचा, दुसरा स्विचचा, तिसरा यंत्राच्या स्वतःच्या नोंदींचा. या तिसऱ्याला इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात. कोणत्या कप्प्यातून किती नोटा उचलल्या, किती अडकल्या, किती मागे गेल्या, हे त्यात ओळीओळीने असतं. तिन्ही कागदांवरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जुळवायचा. तिन्हींत ‘दिले’ असेल तर ओळ मिटली. दोघांत ‘दिले’ आणि यंत्रात ‘नाही’ असेल, तर यंत्रात नोटा भरणाऱ्या पथकाने मोजलेली रोकड काढायची. तिथे नेमकी तेवढी रक्कम जास्त भरली की ग्राहक खरा. पुढे हे काम सॉफ्टवेअर करू लागलं, पण न जुळणाऱ्या ओळी अखेर माणसापुढेच येत. मावशींचं म्हणणं असं की अशा प्रकरणांत पैसे बहुधा बुडत नाहीत, ते चुकीच्या ठिकाणी बसून राहतात. यंत्राच्या मालक बँकेकडे ते ‘जास्तीची रोकड’ म्हणून पडून असतात आणि ती कुणाची हे विचारायला कुणी येत नाही तोवर त्या बँकेला घाई नसते.

ही घाई नियमाने आणावी लागली, आणि माझ्या मते भारतातल्या एकत्रीकरणाची खरी गोष्ट ती आहे. जोडणीच्या तारा आधीच आल्या होत्या. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की अशी रक्कम बारा कामकाजी दिवसांत परत करा, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्या. २०११ मध्ये बाराचे सात झाले. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने एटीएम, कार्ड, यूपीआय अशा सगळ्या वाटांना एका सूत्रात आणलं. एटीएमसाठी व्यवहाराचा दिवस अधिक पाच दिवस, बँकेच्या भाषेत ‘टी प्लस पाच’. त्यानंतर दिवसाला १०० रुपये, आणि तेही ग्राहकाने तक्रार केली नसली तरी. मावशी सांगतात, त्या १०० रुपयांनी जे केलं ते वर्षानुवर्षांच्या स्मरणपत्रांनी केलं नव्हतं. विलंबाला किंमत आली आणि ती कुणी भरायची हे ठरलं.

युरोपची बारा वर्षंही तारा ओढण्यात गेलेली नाहीत. एका देशातून दुसऱ्या देशात युरो पाठवायला देशातल्या देशात लागतं त्याहून जास्त शुल्क घ्यायचं नाही, हा कायदा २००१ मध्येच झाला. सेपा नावाची सामाईक पद्धत २८ जानेवारी २००८ ला सुरू झाली. पण बँकांना आपापल्या देशातली जुनी पद्धत स्वस्त आणि सवयीची वाटत होती. नवी वाट उघडी होती, वाटसरू थोडे. शेवटी २०१२ मध्ये कायद्यानेच मुदत घातली: १ फेब्रुवारी २०१४. तीही गाठता आली नाही, सहा महिने वाढवून द्यावी लागली. वाद कशावर होते? समोरच्याने थेट खात्यातून पैसे काढले तर खातेदाराला ते परत मागता येतील का, किती दिवसांत, आणि मग तोटा कुणाचा. उत्तर ठरलं ते असं: आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता परत, आणि संमतीच नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. ज्याने पैसे काढले त्याने सोसायचं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आठ आठवडे हे ऐकून भुवया उंचावल्या. इतके दिवस ओळ उघडी ठेवायची म्हणजे रेकोवाल्यांचे हाल, एवढंच त्या म्हणाल्या.

एका बाबतीत मात्र युरोप आपल्याहून शहाणा निघाला. तिथल्या खाते क्रमांकाला, आयबानला, सुरुवातीच्या देशाच्या अक्षरांनंतर दोन तपासणीचे आकडे असतात. सुरुवातीची चार अक्षरं शेवटी नेऊन सगळा क्रमांक आकड्यांत बदलला आणि ९७ ने भागला की बाकी १ उरली पाहिजे. एखादा आकडा चुकला तर क्रमांक तिथेच अडतो. जर्मनीत हा क्रमांक २२ अक्षरांचा झाला, तेव्हा लोकांनी बरीच कुरकूर केली. आपल्याकडे शाखेचा आयएफएससी ११ अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवं शून्य पुढच्या वापरासाठी राखलेलं, उरलेली सहा शाखेची. खाते क्रमांक मात्र प्रत्येक बँकेचा आपापल्या लांबीचा. देशभर एकच अशी तपासणी त्याला नाही. वर आयएफएससी बँकेच्या नावाला बांधलेला. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद, म्हणजे ती गनफाउंड्रीची जुनी बँक, स्टेट बँकेत विलीन झाली आणि ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारे सगळे कोड ‘एसबीआयएन’चे झाले. आंध्रा बँकेच्या खातेदारांवर हीच पाळी २०२० नंतर आली.

त्याहून मोठी अडचण नावाची. बँका रक्कम जमा करताना केवळ खाते क्रमांक पाहतात. पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव जुळतं की नाही हे पाहणं बंधनकारक नव्हतं. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं खरंच असलं, तर पैसे तिथे जाणार. तो निरोप हरवत नाही, बिनचूक चुकीच्या घरी जातो, म्हणून मावशींच्या तीन कागदांत तो सापडत नाही. तिन्हीकडे ओळ जुळलेली असते. परत मिळवायचे तर ज्याच्या खात्यात गेले त्याची संमती लागते. फसवणारे नेमके यावर जगतात. आरटीजीएस आणि नेफ्टसाठी आधी नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. युरो चलनाच्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी नाव ताडून पाहणं बँकांवर बंधनकारक झालं. दोन्हीकडे शहाणपण एकाच वर्षी आलं. यूपीआयवर ते आधीच होतं, निदान पडद्यावर नाव तरी दिसतं.

पण यूपीआयमुळे मावशींचं जुनं दुखणं बरं झालं असं कुणी समजू नये. घेणाऱ्याच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर त्या व्यवहाराला ‘डीम्ड’ म्हणतात. जमा झालं असं धरायचं आणि नंतर जुळवायचं. वाटेवर हरवलेलं ते ०२१० च वेगळ्या कपड्यांत. फरक संख्येचा. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींवर गेले. त्यातला अगदी किरकोळ हिस्सा अडला तरी किती ओळी उघड्या राहतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आणि हे सगळं एका दारातून जातं. युरोपात पद्धत एक असली तरी निरोप वाहणारी यंत्रणा एकाहून अधिक आहे. आपल्याकडे किरकोळ व्यवहारांचं बहुतेक ओझं एकट्या एनपीसीआयवर. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडलं तेव्हा देशभरातले दुकानदार एकदम सुट्टे शोधू लागले. दारापर्यंतची वाटही सगळ्यांची स्वतःची नाही. लहान सहकारी आणि ग्रामीण बँका कुठल्यातरी तंत्रज्ञान कंपनीमार्फत जोडलेल्या असतात. ३१ जुलै २०२४ ला अशा एका कंपनीवर, सी-एजवर, खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयने तिला जाळ्यापासून तोडलं. सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर राहिले. तोडणं योग्यच होतं. पण ज्या गावात तेवढी एकच बँक, तिथल्या माणसाला पर्याय कोणता?

शुल्काचं भांडणही संपलेलं नाही. १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेचं एटीएम फुकट झालं होतं. सहा-सात महिन्यांतच महिन्याला पाचाची मर्यादा आली आणि नोव्हेंबर २०१४ पासून हैदराबादसह सहा महानगरांत ती तीनवर आली. १ मे २०२५ पासून त्यापुढच्या प्रत्येक वेळी बँक २३ रुपयांपर्यंत घेऊ शकते. यूपीआयवर दुकानदाराकडून काहीच घ्यायचं नाही, हे जानेवारी २०२० पासून. मग हे जाळं चालवायचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न सरकारी अनुदानावर ढकलून ठेवला आहे. मला यातलं फुकट फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की यूपीआय आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेची टिप्स ही तात्काळ पैसे पाठवण्याची यंत्रणा जोडण्याचं काम प्रत्यक्षात हाती घेतलं जाईल. संपादक खूश झाले; त्यांचा युरोप अखेर लेखात आला. मी ती बातमी मावशींना वाचून दाखवली. त्यांची नात म्युनिकला असते, तेव्हा कौतुक वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारलं की म्युनिकहून नांदेडला पाठवलेली रक्कम मध्येच अडली तर टी कुठला धरायचा, तिकडचा की इकडचा. आणि दिवसाचे शंभर रुपये देणार कोण? बातमीत त्याबद्दल काही नव्हतं.