लाइट आल्यावर फिश टँकचं पाणी घरभर का होतं?

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लाइट जाणं कुणाला नवं नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा तर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. घरात फिश टँक असेल तर लाइट गेली की पहिली काळजी माशांच्या ऑक्सिजनची. पण टँकला सायफन ओव्हरफ्लो बॉक्स असेल, तर लाइट परत येते तेव्हाही लक्ष ठेवावं लागतं.

हा बॉक्स कशासाठी?

मोठ्या टँकचं पाणी गाळायला खालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवतात. तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पाणी खाली आणायला काचेला भोक पाडणं हा सरळ मार्ग. पण टफन्ड काच ड्रिल केली की फुटते आणि भरलेल्या टँकला भोक पाडता येत नाही. तिथे हा बॉक्स कामी येतो.

तो चालतो कसा?

काचेच्या कडेला दोन डबे अडकवलेले असतात, एक आत आणि एक बाहेर. त्यांना जोडते उलट्या 'यू' आकाराची नळी. ड्रममधून नळीने रॉकेल काढतात, तेच तत्त्व. नळी पूर्ण भरलेली असेल, तर जास्त पातळीकडून कमी पातळीकडे पाणी आपोआप वाहतं. टँकचं पाणी आतल्या डब्याच्या दातेरी कडेवरून आत पडतं, नळीतून बाहेरच्या डब्यात येतं आणि पाइपने सम्पमध्ये जातं.

लाइट गेली की पंप थांबतो. टँकची पातळी दातेरी कडेपर्यंत उतरते आणि प्रवाह थांबतो. डब्यांत मात्र पाणी उरतं. नळीची दोन्ही टोकं बुडालेली राहतात, म्हणून सायफन टिकतो.

मग घोळ कुठे होतो?

नळीच्या वळणात बुडबुडे साठतात. प्रवाह मंद असेल तर ते वाहून जात नाहीत. हवा वाढली की सायफन तुटतो. पंपाला ते कळत नाही. लाइट आली की तो पाणी वर चढवतच राहतो आणि ते फरशीवर सांडतं.

दुसरा धोका लाइट जाताना. पंपाच्या पाइपचं तोंड टँकमध्ये खोल असेल, तर त्यातूनच पाणी उलटं खाली येतं. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये पातळी ३ सेंटिमीटर उतरली, तरी सुमारे १२ लिटर पाणी सम्पमध्ये येतं.

काय कराल?

- पंप मुद्दाम बंद करून बघा. खाली येणारं सगळं पाणी सम्पमध्ये मावलं पाहिजे.
- पाइपचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवा.
- एका नळीऐवजी दोन नळ्या लावा आणि बुडबुडे साठलेत का, हे रोज बघा.
- सम्पमध्ये पंपाच्या कप्प्यात वरच्या टँकमध्ये मावेल इतकंच पाणी ठेवा. मग सायफन तुटला तरी पंप कोरडा पडेल, कदाचित जळेलही. पण घरात पाणी होणार नाही.