पाण्याच्या कामात किती खिसे

मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. ते कशासाठी, हे विचारायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. हा कर १९७५ सालचा आणि त्यामागचं कारण होतं रोजगार हमी योजना. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या माणसांना कामाचा हक्क मिळावा, ही तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. तिच्यासाठी शहरी पगारदारानं कर भरायचा आणि सरकारनं तेवढीच भर घालायची, असं ठरलं. पाण्या-मातीच्या कामासाठी वेगवेगळे खिसे एकत्र आणण्याचा महाराष्ट्रातला मागोवा मी तरी इथूनच सुरू करेन.

रोजगार हमीतून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. पण बांध कुठे घालायचा हे कचेरीत ठरे आणि गाव हजेरीपटावर मजूर म्हणून उभं राही. पुढच्या पावसात तो बांध फुटला, तर गावाला त्याचं सोयरसुतक नसे.

हे गणित नगर जिल्ह्यातून बदलायला लागलं. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी तिथल्या दुष्काळी गावांत अनेक वर्षं काढली होती. त्यांच्या पुढाकारातून १९८९च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची जुळवाजुळव झाली आणि १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही संस्था काढली. पैसा जर्मन सरकारचा, तो फिरवणार नाबार्ड ही राष्ट्रीय ग्रामीण विकास बँक, गावात राबणार स्थानिक संस्था आणि हिशेब गावाच्या पाणलोट समितीच्या बँक खात्यात. एवढ्या जणांना एका ओळीत बसवणं हेच मुळात अवघड काम, पण त्यातली खरी अक्कल अटींमध्ये होती. आधी घरटी चार दिवस श्रमदान. ते झालं तर वर्ष-दीड वर्षाचा तयारीचा टप्पा: एका छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, समिती नेमायची, शेतकरी नवरा-बायकोनं आपल्या रानात फिरून कुठे चर आणि कुठे बांध ते सांगायचं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. मोठा निधी त्यानंतर. शिवाय मजुरीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं श्रमदान गावाचं, त्यातून भूमिहीन वगळून.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी यात सगळ्यांत जास्त अभ्यासलं गेलेलं गाव. काम १९९६ मध्ये सुरू झालं, तेव्हा उन्हाळ्यात टँकर यायचा आणि शेतीत तीन-चार महिन्यांचंच काम असायचं. पाच-सहा वर्षांत ते नऊ-दहा महिन्यांवर गेलं, टँकर थांबला. हा यशाचा भाग सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मधली कटकट. डोंगर चराईला बंद म्हटल्यावर मेंढ्या-शेळ्यांवर पोट असलेल्यांनी विरोध केला आणि त्यांचं चुकत नव्हतं. पाणी अडणार होतं जमीनवाल्यांच्या विहिरींसाठी, कुरण जाणार होतं यांचं. बोलणी लांबली. अखेर डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. असल्या बैठकांचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात सहजासहजी बसत नाही. इथे तयारीच्या टप्प्यामुळे तो बसला. या अनुभवावरच १९९९-२०००च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाबार्डकडे दोनशे कोटींचा पाणलोट विकास निधी आला.

मग आलं २०१४. एप्रिलपासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं: ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. वर्षअखेरीस राज्यानं जलयुक्त शिवार ही जलसंधारणाची योजना जाहीर केली. २०१६ मध्ये आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पानी फाउंडेशननं वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत गावागावांतल्या जलसंधारणाच्या कामाची 'वॉटर कप' स्पर्धा घेतली आणि कोरेगावचं वेळू पहिलं आलं. २०१८ पर्यंत तालुके पंचाहत्तर झाले, पहिलं बक्षीस माणमधल्या टाकेवाडीला. पडद्यावरचा नट, कंपन्यांचे निधी, तहसीलदार, शहरातून टिकाव-फावडं घेऊन येणारे जलमित्र, भारतीय जैन संघटनेची जेसीबी-पोकलेन यंत्रं, असा गोतावळा याआधी कधी जमला नव्हता. यंत्र फुकट आलं तरी डिझेल कोण घालणार, हा प्रश्न गावोगाव उभा राहिला. त्यासाठी लोकवर्गणी निघाली, पुण्या-मुंबईला असलेल्या पोरांना फोन गेले.

उत्साह खरा होता. पण पंचेचाळीस दिवसांच्या स्पर्धेत गुण पडतात ते मोजता येणाऱ्या खोदाईला, आणि सरकारी योजनेत तर यंत्रानं नाला रुंद-खोल करण्याचा सपाटाच लागला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या 'कॅग'च्या अहवालानं जलयुक्तवर ९,६०० कोटींहून जास्त खर्चूनही भूजल पातळी वाढवण्याचा हेतू साधला नाही, असं म्हटलं. पाणी अडलं तिथेही ते उपसायला नवी बोअर पडली, ऊस आला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ऊस आणि शेतीची बोअर आधीच बंद करून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, म्हणून ते गाव वेगळं ठरलं. पानी फाउंडेशनलाही हे उमगलं असावं: त्यांनी पुढे समृद्ध गाव स्पर्धा घेतली आणि २०२२ पासून गटशेतीचा फार्मर कप, म्हणजे पाणी अडवण्यावरून ते वापरण्यावर मोर्चा वळवला.

वाटणी नीट ठरली तर गाडं सोपं चालतं, याचं उदाहरण २०१७च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेच्या मूळ रूपात आहे. तलावातला गाळ काढायचं यंत्र आणि इंधन सरकारचं किंवा कंपनीचं. ट्रॅक्टर लावून तो रानात नेऊन टाकायचा खर्च तेव्हा शेतकऱ्याचा होता. स्वतःच्या पैशानं कोणी उगाच गाळ वाहत नाही, त्यामुळे देखरेखीचा अर्धा ताप आपोआप कमी झाला.

कंपन्यांच्या पैशाची अडचण मात्र अजून तीच. कायदा आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि माण-खटाव-आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यांत कारखाने ते किती! २०२१च्या दुरुस्तीनं चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं दिली, ते बरं झालं. तरी मार्च जवळ आला की बंधाऱ्याचा फोटो आणि घनमीटरचा आकडा हवा असतो. गावात वर्षभर राहून भांडणं मिटवणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगाराला, किंवा पाच वर्षांनी बंधाऱ्यातला गाळ काढायला, पैसे मागितले तर निधी देणाऱ्यांच्या टेबलाभोवती अजूनही एकमेकांकडे पाहिलं जातं.