नीरेच्या पाण्यात मध्यस्थ कोण?

सोमेश्वरनगरच्या बाजूला उसाच्या सरीत पाणी फिरत असतं, तेव्हा इंदापूरकडे, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, कोणीतरी कोरड्या चारीच्या काठावर पाळीची वाट बघत बसलेलं असतं. भांडण इथूनच पेटतं. मग कोणीतरी म्हणतंच, "चार शहाणी माणसं बसवा, मिटेल." पण बसवलेल्या माणसाने करायचं काय?

निकाल द्यायचा, असं बहुतेकांना वाटतं. ते काम लवादाचं. नीरा नदी कृष्णा खोऱ्यातली. त्या खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटायला 1969 साली नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी पाणी दिलं आणि तो निवाडा राज्यांवर बंधनकारक ठरला. मध्यस्थाकडे असा शिक्का नसतो. तो दोन्हीकडच्यांना आधी वेगवेगळं भेटतो. 'पाणी पाहिजे' म्हणजे कोणत्या पिकाला, किती दिवसांनी, हे वदवून घेतो. तोडगा भांडणाऱ्यांनीच काढायचा.

'वजनदार माणूस हवा' ही आपली सर्वांत लाडकी समजूत. पण वजनदार माणसाचा ऊसही त्याच कालव्यावर उभा असतो! त्याच्या शब्दाखातर गप्प बसलेली माणसं पुढच्या आवर्तनाला पुन्हा गेटपाशी जमतात. नीरा देवघर धरणाच्या पाण्याचंच बघा. 2007 साली डाव्या कालव्याला 60 आणि उजव्याला 40 टक्के असं ठरलं. जून 2019 मध्ये डाव्याचं जादा पाणी थांबलं. 2020 मध्ये सरकार बदललेलं होतं, तेव्हा वाटणी 55-45 झाली. दर वेळी निर्णय मुंबईत. डाव्या कालव्यावरचे बारामती-इंदापूर खूश, तर उजव्यावरचे फलटण-माळशिरस नाराज, नाहीतर उलट. याला मध्यस्थी म्हणत नाहीत.

गावात तंटामुक्ती समिती आहेच की! 15 ऑगस्ट 2007 पासून मोहीम सुरू आहे आणि बांधाच्या वादाला समिती उत्तम. कालवा मात्र पुरंदर, बारामती, इंदापूर असा तीन तालुक्यांतून जातो. त्याच्या पाण्यापुरती एका गावाची समिती स्वतःच पक्षकार.

उरला सहीचा भ्रम: समझोत्यावर सह्या झाल्या की वाद मिटला. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक वादांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद आहे, पण तिथे झालेला समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही. पाळीपत्रक बदलायचं तर जलसंपदा खात्याचीच मोहोर लागते. म्हणून समझोत्याच्या कागदावर 'सर्वांना समान पाणी' लिहून भागत नाही. गेटची किल्ली कोणाकडे, टेलला पाणी पोचल्यावर मोजपट्टी बघून कोणत्या दोघांनी सही करायची, हे आधी लिहावं लागतं.