धुऱ्यावरचा प्रश्न: हे रोप आत की बाहेर?

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा हलका धान कापणीला आलेला असेल. कोहमाऱ्याहून सडक अर्जुनीकडे या किंवा सौंदडच्या बाजूला जा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळ्या बांध्याच बांध्या. त्यातल्या एखाद्या बांधीत तीन-चार माणसं टेप, दोरी आणि खुंट्या घेऊन दिसली, तर गाडी जरा बाजूला लावा. ती जमिनीची मोजणी नसते, पीक कापणी प्रयोग असतो. दोरीने चौकोन आखायचा, त्यातलाच धान कापायचा, झोडायचा, तोलायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. काम एवढंसंच. पण अशा मोजक्या चौकोनांवरून अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरतं. पीक विम्याचे पैसे बाबांच्या खात्यात येणार की नाही, हेही त्याच आकड्यावर.

या चौकोनामागे एक मराठी माणूस आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म २७ जुलै १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी, मग थेट लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तिथे तेव्हा रोनाल्ड फिशर, ईगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन अशी मंडळी होती. आज तुम्ही संख्याशास्त्राच्या पेपरात ज्यांची नावं पाठ करता, तीच. थोड्यातून पुष्कळाचा अंदाज कसा बांधायचा, याचं शास्त्र तिथे घडत होतं. १९३६ मध्ये सुखात्म्यांनी पीएचडी मिळवली आणि १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

तेव्हा पीक किती आलं हे कसं ठरायचं? नजरेने. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. अधिकारी शेताकडे बघणार आणि म्हणणार, यंदा दहा आणे. आपण आजही आणेवारी म्हणतो ती हीच, फक्त कागदावर तिची पैसेवारी झाली. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली. देशात धान्य किती पिकतं, याचा भरवशाचा आकडा असणं किती गरजेचं आहे हे त्या काळात उघड दिसलं.

सुखात्म्यांचा उपाय ऐकायला सोपा वाटतो. गावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडायची. गावातलं शेतही तसंच. शेतात चौकोन कुठे पडणार, तेही यादृच्छिक आकडेच सांगणार. जिथे लोंब्या भरलेल्या दिसतात तिथे उभं राहायचं नाही, आणि जिथे तुडतुड्याने पीक बसलंय तिथेही नाही.

इथे खरी जुंपली ती प्रशांतचंद्र महालनोबिसांशी. भारतीय संख्याशास्त्राचं सर्वात मोठं नाव. बंगालात ते लहान लहान वर्तुळं कापत होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: वर्तुळ लहान असेल तर वेळ वाचतो आणि जास्त जागी कापणी करता येते. सुखात्मे मात्र एक अष्टमांश गुंठा नव्हे, चांगला ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाचा चौकोन धरून बसले.

का? कागद-पेन घ्या. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण १२.६ चौरस फूट आणि परीघही १२.६ फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट काठ. मोठ्या चौकोनाचं क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, काठ ९९ फूट. दर चौरस फुटामागे ०.१८ फूट. आता काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस बहुतेक वेळा ते आत ओढतो. मुद्दाम नाही हो, हात तसाच जातो. वर्तुळ लहान असेल तर सगळा खेळ काठावरच. सुखात्म्यांनी गव्हाच्या शेतात दोन्ही मापं लावून बघितली, तर २ फुटांच्या वर्तुळाने उत्पादन चाळीस टक्क्यांहून जास्त फुगवलं. आणि ही चूक हजार वर्तुळं कापूनही जात नाही, कारण ती दर वेळी एकाच दिशेला जाते. हा धडा मला कुठल्याच पुस्तकात इतका पटला नव्हता.

पुढे सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. पुण्यात परतल्यावर पुन्हा वाद, या वेळी वि. म. दांडेकरांशी. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबी मोजताना माणशी रोज २२५० उष्मांकांची रेघ धरली. सुखात्मे म्हणाले, सरासरी ही रेघ होऊ शकत नाही. एकाच माणसाची गरजही रोज बदलते. टीकाकारांनी सुनावलं, अशाने भुकेची माणसं आकड्यातून गायब होतील. मला टीकाकारांची भीती रास्त वाटते, पण सुखात्म्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

गंमत म्हणजे या दोघांचं काम आपल्या बांधीत एकत्र आलंय. पीक विमा एकेका शेतापुरता न बघता सगळ्या परिसराच्या उत्पादनावर द्यावा, हा आग्रह दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडला. म्हणून आज तुमच्या एकट्याची बांधी गेली आणि मंडळाची सरासरी टिकली, तर उत्पादनावरची भरपाई मिळत नाही. घरोघर यावरून चिडचिड होते. ती खोटी नाही. पण मग ती सरासरी तरी नीट मोजली जायला हवी ना?

बीएस्सीला संख्याशास्त्र असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते, आणि दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत पुढचं शिक्षण घेता येतं, हे लक्षात असू द्या. बाकी या सुट्टीत प्रयोग चालू दिसला तर जवळ जा. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली का, ते बघा. मग दोरी ताणल्यावर खाली वाका. काठावरच्या रोपाचा बुंधा कुठल्या बाजूला आहे आणि विळा कुठल्या बाजूला चाललाय?