शेतकरी विधानसभेला उभा राहतो

शेतात राबणाऱ्या माणसाने कर भरावा आणि त्याच्यासाठी कायदे मात्र इतरांनी करावे, अशी स्थिती आपल्या देशात दीर्घकाळ होती. इंग्रजी राजवटीत १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतिक निवडणुकीतील मताधिकार मुख्यतः जमीनमहसूल, मालमत्ता किंवा शिक्षण पाहून दिला जाई. त्यामुळे असंख्य शेतमजूर व लहान शेतकरी त्यापासून वंचित राहत. १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली आणि ही भिंत कोसळली.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांपैकी एखाद्या जागेसाठी उभे राहू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याची जमीन किती अथवा शिक्षण किती, हे कायदा विचारीत नाही. तो भारताचा नागरिक असावा, त्याच्या वयास २५ वर्षे पूर्ण झालेली असावीत व राज्यातील मतदारयादीत त्याचे नाव असावे, या मुख्य अटी होत. तो अपक्ष असेल, तर त्याच्या अर्जावर मतदारसंघातील दहा मतदारांनी सूचक म्हणून सह्या कराव्या लागतात. आपली मालमत्ता व आपल्यावरील कर्ज त्याला शपथपत्रात नमूद करावे लागते. पीककर्जही त्यातून सुटत नाही.

अर्जाबरोबर दहा हजार रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी असते. पराभूत उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. म्हणजे १,८०,००० वैध मते पडली, तर त्याला ३०,००० हून अधिक मते हवीत. बी-बियाण्यांसाठी राखलेला पैसा अनामत म्हणून भरणाऱ्याच्या दृष्टीने हे धाडसच होय. शिवाय २०२२ साली महाराष्ट्रातील उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये ठरविण्यात आली. इतका खर्च करू शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे तो पायी गावोगाव फिरतो. कायद्याने दार उघडले, तरी वाट सर्वांना सारखी सोपी नाही.

मग तो उभा का राहतो? शेती, जमीन व पाणी हे विषय राज्यघटनेने प्रामुख्याने राज्यांकडे सोपविले आहेत. कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोहोचत नाही, हे ज्याने रात्री जागून पाहिले आहे, त्याला तो प्रश्न सभागृहात स्वतः विचारावासा वाटतो. निवडणुकीत तो पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा औत धरील. परंतु ज्या प्रश्नासाठी तो उभा राहिला, तो गावोगावच्या मतदारांनी ऐकलेला असतो.