फुलीची जागा

24 ऑगस्ट 2025 रोजी विंडोज 95 ला तीस वर्षं झाली. आठवणी निघाल्या त्या स्टार्ट बटणाच्या आणि दुकानांबाहेरच्या रांगांच्या. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन बटणांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आडवी रेघ, चौकोन आणि फुली. त्या प्रणालीने लोकांच्या हाताला लावलेली सर्वांत पक्की सवय हीच, आणि ती मोडण्याचं काम गेली कित्येक वर्षं चालू आहे.

त्याआधीचा काळ भराभर ओलांडता येतो. 1984 च्या मॅकिंटॉशवर खिडकी बंद करायचा चौकोन डावीकडे होता. 1990 च्या विंडोज 3.0 मध्येही डाव्या कोपऱ्यातल्या खुणेवर डबल क्लिक करावं लागे; उजवीकडे फक्त वर-खाली दोन बाण. विंडोज 95 ने फुली उजवीकडे आणली. खिडकी पडदाभर केली की बंद करायची जागा नेमकी मॉनिटरच्या कोपऱ्याशी येते. तिथे माऊस कितीही जोरात ढकलला तरी पुढे जात नाही, त्यामुळे नेम धरावा लागत नाही. लक्ष्य किती मोठं आणि किती लांब यावर हाताला लागणारा वेळ ठरतो, हे पॉल फिट्स यांनी 1954 मध्येच मांडलं होतं.

1997 च्या विनॅम्पने आपली चिमुकली बटणं स्वतःच रंगवली. 1999 च्या क्विकटाइम प्लेअरने खिडकीला धातूचा मुलामा चढवला. गाणी ऐकायच्या खेळण्यांपुरतं ते चालून गेलं. तेव्हाच कुणीतरी हटकायला हवं होतं.

खरी पडझड 2008 नंतरच्या दशकातली. त्या सप्टेंबरात क्रोम आला आणि त्याने टॅब थेट शीर्षकपट्टीत चढवले. त्यात जागेची बचत होती आणि तीन बटणं जागच्या जागी होती, म्हणून त्याला दोष देणं अन्यायाचं ठरेल. पण शीर्षकपट्टी ही सगळ्यांची सामायिक जागा आहे, हा संकेत तिथे सुटला. 2010 च्या एप्रिलमध्ये उबुंटू 10.04 या लिनक्स प्रणालीने तिन्ही बटणं उचलून डावीकडे नेली. वापरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, तेव्हा उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी रचनेचे निर्णय मतदानाने होत नसतात, असं स्पष्ट सांगितलं. उजवी बाजू पुढच्या नव्या सोयींसाठी मोकळी हवी, हे त्यांचं कारण. सात वर्षांनी, ऑक्टोबर 2017 च्या 17.10 मध्ये, बटणं मुकाट्याने उजवीकडे परतली. तोवर लाखो हातांनी एकदा डावी आणि पुन्हा उजवी सवय लावून घेतली होती. त्या कष्टांचा हिशेब कुणी मागितला नाही.

2010 मध्येच आयट्यून्स 10 ने मॅकवरचे लाल, पिवळा, हिरवा हे ठिपके आडव्याचे उभे केले. ॲपलच्याच इतर प्रोग्रॅममध्ये ते आडवे राहिले! लिनक्सवरच्या 2011 च्या ग्नोम 3 ने खिडकी लहान-मोठी करायची बटणंच काढून टाकली आणि एकटी फुली ठेवली. 2012 च्या विंडोज 8 ने तर कहर केला. स्टोअरमधल्या नव्या प्रोग्रॅमना फुलीच नव्हती. पडद्याची वरची कड धरून ती तळापर्यंत ओढायची, हे माणसाला आपोआप सुचावं अशी अपेक्षा होती. एप्रिल 2014 मध्ये फुली परत आली. त्याच वर्षी मॅकच्या योसेमिटीने हिरव्या ठिपक्याचा अर्थ बदलला. आधी खिडकी मजकुराच्या मापाची करणारा ठिपका आता ती पूर्ण पडदाभर पसरवू लागला.

या बदलांची झळ तंत्रज्ञांना कमी लागते. ती लागते उतारवयात संगणक शिकलेल्यांना. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून कितीतरी सरकारी कर्मचारी आणि गृहिणी याच तीन बटणांवर हात बसवून बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी ती जागा म्हणजे घरातला दिव्याचा खटका. अंधारातही हात तिथेच जायला हवा.

आज एकाच पडद्यावर तीन प्रोग्रॅम उघडले तर बटणांची उंची, अंतर आणि आकार तीन तऱ्हांचे दिसतात. विंडोज 11 ने चौकोनावर माऊस नेला की खिडक्या मांडायचे पर्याय दाखवायला सुरुवात केली. स्वतःची बटणं स्वतः रंगवणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये ते दिसेनातच. कित्येक चॅटच्या प्रोग्रॅममध्ये फुली दाबली तरी प्रोग्रॅम बंद होत नाही, घड्याळाशेजारी लपून चालूच राहतो. हे सरळ चुकीचं आहे. बंद करण्याच्या खुणेने बंदच व्हायला हवं.

विंडोज 95 च्या कर्त्यांनी फुली उजवीकडे नेली, पण डावीकडच्या जुन्या सवयीचा मान ठेवला. 1990 मध्ये डाव्या कोपऱ्यावर डबल क्लिक करायला शिकलेल्या माणसाने आजही डिव्हाइस मॅनेजरसारख्या जुन्या पठडीच्या खिडकीत, डावीकडच्या चित्रावर तसंच केलं, तर ती खिडकी बंद होते.